ब्रेमेनच्या आजींना काय विचारायचं?

सप्रेम नमस्कार, ताई.

मी धनकवडीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीची वर्गशिक्षिका आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी जर्मन शिकली आणि आता वर्षभरासाठी ब्रेमेनजवळच्या एका वृद्धाश्रमात स्वयंसेविका म्हणून गेली आहे. तिचाच फोन आला, "बाई, तुमच्या वर्गाशी बोलू का? मुलांना इकडचं काहीतरी कळेल." मला फार आनंद झाला. कॉल ठरला. टेबलावर डस्टरला टेकवून माझा मोबाइल उभा केला आणि बेचाळीस मुलं त्याच्याभोवती. तिच्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. पांढरेशुभ्र केस, निळा स्वेटर. आमच्याकडे बघून हात हलवत होत्या. एवढ्यात एका मुलाने विचारलं, "ह्या आजींना घरच्यांनी टाकलंय का?" वर्ग हसला. आजी तिला विचारत होत्या, काय म्हणाला तो? ती काहीच बोलली नाही. "बाई, रेंज जातेय," म्हणाली आणि फोन बंद झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्या मुलाला उरलेला तास वर्गाबाहेर उभं केलं.

आता मुख्याध्यापक म्हणतात, असे छोटे कॉल नकोत. जानेवारीच्या स्नेहसंमेलनात मोठ्या पडद्यावर एकच कॉल करू, मुलांकडून इंग्रजीत प्रश्न पाठ करून घ्या. संस्थेतल्या एकांनी विचारलं, तो वृद्धाश्रम आपल्याला चार संगणक देईल का? पालक विचारतात, ह्याचे मार्क आहेत का? आणि त्या दिवसापासून माझ्या विद्यार्थिनीचा एक मेसेज नाही. हे पुढे न्यावं की इथेच थांबवावं?

– एक शिक्षिका, धनकवडी

प्रिय बाई,

थांबवू नका. स्नेहसंमेलनातला मोठा पडदा मात्र नक्की थांबवा. मी तेवीस वर्षं वर्गावर उभी राहिले आहे, त्यामुळे तुमच्या पत्रातली ती दोन मिनिटं वाचताना माझ्याही पोटात गोळा आला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या मुलीचं बघू. (विद्यार्थिनी म्हणण्यापेक्षा मुलगीच म्हणते, तुमच्या पत्रात तशीच ओढ आहे.) ती रागावली असेल असं मला वाटत नाही. ती अडकली होती. एका बाजूला तिच्या लाडक्या बाईंचा वर्ग आणि दुसऱ्या बाजूला जिचे केस ती रोज सकाळी विंचरत असेल ती आजी. त्या प्रश्नाचं भाषांतर करावं तर आजी दुखावणार आणि न करावं तर खोटं बोलावं लागणार. विशी-बाविशीतल्या पोरीने त्या क्षणी फोन बंद केला हे शहाणपणच केलं. तिला रविवारी फोन करा, वर्गातून नाही, घरून. आधी जेवलीस का विचारा, थंडी किती आहे विचारा. ब्रेमेनला डिसेंबरात सकाळी साडेआठच्या सुमाराला उजाडतं आणि दुपारी चार वाजून गेले की अंधार पडतो. पुण्याच्या उन्हात वाढलेल्या मुलीला तो अंधार फार अंगावर येतो. वर्गाचा विषय तिने काढला तरच काढा, आणि तेव्हा सरळ सांगा, "चूक माझी झाली. मुलांची काही तयारी न करता मी त्यांना तुझ्यासमोर बसवलं." ह्या एका वाक्याने तिच्या मनावरचं निम्मं ओझं उतरेल.

आता तो मुलगा. बाई, त्याला बाहेर उभं करायला नको होतं. तुम्ही त्या क्षणी लाजेने केलंत, मी समजू शकते. पण बेचाळीस मुलांमध्ये खरा प्रश्न त्या एकट्यानेच विचारला होता. बाकीच्या एकेचाळीसांच्याही मनात तोच होता, म्हणून तर वर्ग हसला. "टाकलंय" हा शब्द त्याने कुठून आणला? आपल्याच घरांतून. आपण जेवताना बोलतो ना, तिकडे काय, आई-बापांना आश्रमात टाकतात आणि मोकळे होतात. मुलं ऐकत असतात. त्याच्या प्रश्नात त्या आजींबद्दल कळवळासुद्धा असेल. त्याने तो चुकीच्या शब्दांत विचारला आणि ज्यांच्याबद्दल विचारायचं त्यांच्या तोंडावर विचारला, एवढंच. त्याला आधी एकट्याला बोलवा आणि सांगा की तुझा प्रश्न चांगला होता, आपण सगळे मिळून त्याचं उत्तर शोधणार आहोत. मग वर्गासमोरही सांगा.

आणि उत्तर घरापासून शोधायला लागा. वृद्धाश्रम ही तिकडची गोष्ट आहे, अशी मुलांची समजूत असेल तर त्यांना नवी पेठेतला 'निवारा' सांगा. डेव्हिड ससून ह्यांच्या देणगीतून उभी राहिलेली ती संस्था आपल्या शहरात दीडशेहून अधिक वर्षं आहे. शक्य झालं तर संस्थेची परवानगी घेऊन पाच-सहा मुलांना तिथे न्या. दुसरी गोष्ट, आई-वडिलांचा सांभाळ मुलांनी करावा ह्यासाठी आपल्या देशाला २००७ मध्ये कायदा करावा लागला. आपल्याकडे सगळेच आपापल्या म्हाताऱ्यांना सांभाळत असते तर तो करायची वेळ का आली असती, हे मुलांनाच विचारा. आठवीची मुलं आहेत, बरोबर विचार करतील. एखादा गप्प बसेल, त्याला गप्प बसू द्या. त्याच्या घरी काही चालू असेल.

जर्मनीबद्दल तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. तिथे ज्यांना रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागते अशा लोकांपैकी बहुतेक जण घरीच राहतात आणि त्यांचं करणारे त्यांच्याच घरचे असतात. आश्रमात राहणारे त्या मानाने थोडे. १९९५ पासून तिथे काळजी विमा आहे. नोकरी करणाऱ्याच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम त्यासाठी कापली जाते आणि म्हातारपणी किंवा आजारपणात दुसऱ्याच्या मदतीची गरज पडली की त्या विम्यातून काही खर्च मिळतो. सगळा मिळत नाही, घरच्यांनाही भर घालावी लागते. म्हणजे ज्या आजी निळा स्वेटर घालून हात हलवत होत्या, त्यांनी कदाचित स्वतःच्या कमाईतून ह्या दिवसांची सोय करून ठेवली असेल. कदाचित त्यांची लेक दर शनिवारी येत असेल. कदाचित कुणीच येत नसेल. हे आपल्याला माहीत नाही, आणि त्यांनी होऊन सांगितल्याशिवाय विचारायचं नाही.

तुमची मुलगी तिथे कशी पोचली, हीसुद्धा मुलांना सांगण्यासारखी गोष्ट आहे. पश्चिम जर्मनीत तरुण मुलांना सैन्यात जाणं सक्तीचं होतं. ज्यांना बंदूक हातात घ्यायची नव्हती त्यांना त्याऐवजी नागरी सेवा करायची मुभा होती. कुणी दवाखान्यात, कुणी रुग्णवाहिकेवर, कुणी वृद्धाश्रमात. कित्येक दशकं तिथल्या आजी-आजोबांना भरवणारे, फिरायला नेणारे हात ह्या पोरांचे होते. २०११ मध्ये सक्तीची सैन्यसेवा थांबली, तशी ही नागरी सेवाही थांबली. तिच्या जागी त्याच वर्षी १ जुलैपासून वर्षभराच्या स्वयंसेवेची सरकारी योजना आली आणि ती परदेशी तरुणांनाही खुली आहे. तुमची मुलगी ह्याच योजनेतून गेली असेल किंवा 'स्वेच्छेचं सामाजिक वर्ष' म्हणून तिथे जी जुनी योजना आहे तिच्यातून. दोन्हींत पगार नसतो, हातखर्च मिळतो आणि बहुतेक ठिकाणी राहण्या-जेवणाची सोय. बंदूक नको म्हणणाऱ्यांनी सुरू केलेलं काम आज पुण्याची एक मुलगी करते आहे, हे तुमच्या वर्गाला कळायला हवं.

आता माझा एक अनुभव सांगते, कारण मला जे सांगायचंय ते त्यातूनच शिकले. १९९७ साली माझ्या ओळखीतली एक नर्स दोन वर्षांसाठी टांझानियातल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात सेवेसाठी गेली होती. आमच्या सहावीच्या वर्गाने तिला पत्रं लिहायला सुरुवात केली. पत्र जायला तीन आठवडे, यायला तीन आठवडे. पहिल्या पत्रात आम्ही लिहिलं होतं, "टांझानियाची संस्कृती, हवामान, पिके आणि सण यांची माहिती पाठवावी." तिने बिचारीने पाठवली. दोन पानं. मी फळ्यावर लिहून दिली, मुलांनी वहीत उतरवून घेतली, आणि संपलं. कुणाला काही आठवत नाही त्यातलं. मलाही नाही.

दुसऱ्या पत्रात एका मुलीने स्वतःच्या मनाने एक ओळ घातली होती, "तुमच्या गावातली मुलं शाळेत किती वाजता जातात?" उत्तर आलं, "इथली शाळा एक वाजता भरते." वर्ग खूश! दुपारची शाळा, सकाळी लोळायला मिळतं. चार मुलांनी मला विचारलं, बाई, आपली का नाही एकची? पण त्याच पत्राच्या शेवटी तिने लिहिलं होतं की अंधारातच पोरं चालत निघालेली दिसतात. मुलांच्या लक्षात आलं की हे जुळत नाही. एकला शाळा आणि अंधारात निघायचं? पुन्हा पत्र. पुन्हा सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांत वर्गात काय काय तर्क झाले! शाळा फार लांब असेल, रात्रीची शाळा असेल, बाईंनी चुकून लिहिलं असेल. शेवटी उत्तर आलं. स्वाहिली बोलणारे लोक तास मोजायला सुरुवात करतात ती दिवस उजाडल्यापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आपले आठ म्हणजे दोन. भर दुपारी बारा म्हणजे सहा. तो देश विषुववृत्ताजवळ आहे, वर्षभर सूर्य साधारण त्याच वेळेला उगवतो, म्हणून हे बिनबोभाट चालतं.

एका मुलाने हे घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो आजोबांना घेऊनच शाळेत आला. आजोबा पंचांग बघणारे. ते म्हणाले, ह्यात नवल काय, आपणही तसंच मोजत होतो. सूर्योदयापासून घटका मोजायच्या, दिवसरात्रीच्या मिळून साठ, एक घटका चोवीस मिनिटांची. लग्नातली घटिका म्हणतात ती हीच. त्या दिवशी आमचा गणिताचा तास झालाच नाही. मुलांनी टांझानियाचे सात वाजता, पुण्याचे सात वाजता आणि आजोबांच्या घटका अशी तीन घड्याळं फळ्यावर काढली. त्या वर्गातली एक मुलगी आज स्वतः शिक्षिका आहे, ती अजून मला भेटली की "बाई, किती वाजले? स्वाहिली सांगू का?" म्हणते. पुढे त्याच पत्रांतून आम्हाला कळलं की तिकडे चहाला चायच म्हणतात, दुकानाला दुका, पैशाला पेसा, गाडीला गारी, चपातीला चपाती. हिंदी महासागरावरून किती शतकं गलबतं ये-जा करत होती, हे मला इतिहासाच्या पुस्तकातून कधी इतकं नीट शिकवता आलं नव्हतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. देशाबद्दल विचारू नका, दिवसाबद्दल विचारा. "जर्मनीची संस्कृती" हा प्रश्न तुमच्या मुलीला सुटणारा नाही. ती एका गावातल्या एका आश्रमात काही महिने राहिलेली मुलगी आहे. पण सकाळी ती कुठल्या आजींच्या खोलीत पहिल्यांदा जाते, दार वाजवते का, पडदा उघडताना काय म्हणते, हे तिच्याइतकं नेमकं तुम्हाला कुणी सांगू शकणार नाही. दुपारी तीनच्या सुमाराला तिकडे कॉफी आणि केक घेऊन बसायची पद्धत आहे, त्या टेबलावर कोण कुणाशेजारी बसतं? संध्याकाळचं जेवण म्हणजे बहुतेक घरांत गार जेवण, ब्रेड आणि चीज. पहिल्या आठवड्यात तिला त्याने झोप लागली का? आमटी-भातावाचून तिने काय केलं? शरद ऋतूत लहान मुलं संध्याकाळी कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात. तिला आपला आकाशकंदील आठवला का? अशा प्रश्नांची उत्तरं द्यायला तिलाही आवडेल.

मोठा पडदा नको म्हणते तो ह्यामुळेच. पाहुण्यांसमोर पाठ केलेले पाच इंग्रजी प्रश्न, त्यांची पाच गुळगुळीत उत्तरं, टाळ्या आणि हार. त्या आजींना तर व्यासपीठावर दाखवण्याची वस्तू करू नका, बाई. मुख्याध्यापकांशी भांडू नका. त्यांना सांगा की वर्षाअखेरीस मुलांनी केलेलं हस्तलिखित आपण संमेलनात मांडू. हस्तलिखित म्हटलं की मुख्याध्यापक सहसा नाही म्हणत नाहीत.

इंग्रजीचं तर काढूनच टाका. तुमच्याकडे असं भाग्य आहे की पलीकडे बसलेली व्यक्ती मराठी आहे! मुलांना जे वाटतं ते मराठीत विचारू द्या. आपल्या भाषेत विचारताना मूल खोल विचारतं, परक्या भाषेत विचारताना जेवढं येतं तेवढंच विचारतं. ती ते जर्मनमध्ये आजींना सांगेल, आजींचं मराठीत तुम्हाला सांगेल. आजींची हरकत नसेल तर त्यांच्या आवाजातली एक-दोन जर्मन वाक्यं मागा. मुलं ती घोकतील बघा.

कॉलपेक्षा व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप बरे. वेळेचं गणितच बघा ना. उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ बदलतात. तुमची शाळा दुपारची असेल तर साडेबाराला, म्हणजे हिवाळ्यात तिच्या सकाळी आठला, ती कुणाला तरी आंघोळ घालत असेल. कॉफीच्या वेळी ती निवांत, तर तुमची शाळा सुटलेली. निरोप असला की ती तिच्या सवडीने बोलेल, अडखळली तर पुन्हा बोलेल. आणि एखादा प्रश्न आजींना सांगायचा नसेल तर तिला विचार करायला वेळ मिळेल. पंधरवड्यातून एकदा पुरे. निरोप आला की वर्गात शांतपणे दोनदा ऐकवा. पहिल्यांदा नुसता ऐकायचा, दुसऱ्यांदा वहीत एकच गोष्ट लिहायची, जी ऐकून आश्चर्य वाटलं ती. त्या बेचाळीस ओळींतून पुढचे तीन प्रश्न मुलांनीच निवडायचे. तीनच. आणि ते पाठवण्याआधी एक कसोटी लावायची. हाच प्रश्न माझ्या आजीला कुणी परक्याने विचारला तर चालेल का? ही कसोटी असती तर त्या दिवशीचा प्रसंग टळला असता.

फोटोंच्या बाबतीत कडक राहा. तिकडे म्हाताऱ्या माणसांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय काढणं, पाठवणं अजिबात चालत नाही. २०१८ पासून युरोपात खासगी माहितीचा कायदा लागू आहे, आणि चुकून काही झालं तर तुमच्या मुलीची जागा जाईल. आपल्या मुलांचंही तसंच. आपल्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालचं ते मूल, आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. साध्या कागदावर सह्या घेऊन ठेवा. मुलांचे नंबर तिला देऊ नका, तिचा मुलांना देऊ नका, सगळं तुमच्या फोनवरून जाऊ द्या. चेहरे नसले तरी काही बिघडत नाही. कॉफीचा कप, खिडकी, विणकामाची टोपली, आणि परवानगी असेल तर आजींचे हात.

संगणकांचा विषय संस्थेत पुन्हा निघाला तर स्पष्ट नाही म्हणा. विदेशी अंशदानाच्या २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर संस्थेला परदेशी संस्थेकडून देणगी घेता येत नाही, पैशाच्या रूपात नाही आणि वस्तूंच्या रूपातही नाही. पण कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. एकदा मागितलं की मुलं प्रश्न विचारणारी राहत नाहीत, आभार मानणारी होतात. आणि त्या मुलीला तिथल्या लोकांपुढे मान खाली घालावी लागेल.

पालकांना सांगा की आठवीच्या भूगोलात स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ आहेच, तो धडा ब्रेमेनच्या घड्याळावर शिकवणार आहे. तेवढं पुरेल.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. फक्त आपणच विचारायचं, असं नको. अमेरिकेने १९६१ मध्ये पीस कोअर सुरू केला आणि तरुणांना दोन-दोन वर्षांसाठी परदेशी सेवेला पाठवलं (१९७६ पर्यंत ते आपल्याकडेही येत होते), तेव्हा कायद्यातच तीन उद्दिष्टं घातली होती. गरज असेल तिथे काम करणं, तिथल्यांना अमेरिकन माणूस कळणं, आणि अमेरिकन माणसाला बाकीचं जग कळणं. त्या तिसऱ्यासाठी १९८९ मध्ये त्यांनी शाळेतले वर्ग आणि परदेशी असलेले स्वयंसेवक ह्यांच्या जोड्या लावून पत्रव्यवहार सुरू केला. तुम्ही आज जे करताय ते त्याच जातीचं आहे. पण त्यातलं दुसरं उद्दिष्टही तुमच्या वाट्याला येतं. ब्रेमेनच्या आजीही विचारतील. तुमच्याकडे मुलींची लग्नं आई-वडील ठरवतात का? जात म्हणजे काय? मुलं गोंधळतील. त्यांना आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगा. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या एका जुन्या मासिकात गोपाळराव जोशींचं पत्र वाचलं आणि आपण होऊन लिहिलं. मग पत्रं सुरू झाली. आनंदीबाई त्यांना आपल्या चालीरीती समजावून सांगत, जे पटत नाही तेही लिहीत, आणि तिकडचं विचारत. त्या पत्रांच्या भरवशावर १८८३ मध्ये त्या जहाजात बसल्या आणि कार्पेंटरबाईंच्याच घरी उतरल्या. १८८७ मध्ये पुण्यात त्या गेल्या, तेव्हा त्यांची रक्षा अमेरिकेला पाठवली गेली आणि कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. तुमची मुलं जात म्हणजे काय ह्याचं उत्तर लिहितील तेव्हा त्यांना झाकपाक करायला सांगू नका.

आणि सुरुवात कुठून करायची सुचत नसेल तर गोष्टीपासून करा. ब्रेमेनच्या नावाने जर्मनीत एक लोककथा घरोघरी सांगतात, ग्रिम बंधूंनी ती लिहून ठेवली. एक गाढव, एक कुत्रा, एक मांजर आणि एक कोंबडा. त्यातले पहिले तिघे म्हातारे, काम होत नाही म्हणून मालकांना नकोसे झालेले. कोंबड्याचा तर दुसऱ्या दिवशी रस्साच होणार असतो. चौघं ठरवतात, ब्रेमेनला जाऊ, गाणं-बजावणं करून पोट भरू. वाटेत चोरांचं घर लागतं, एकमेकांच्या पाठीवर चढून ते इतकं ओरडतात की चोर पळून जातात, आणि हे चौघं तिथेच सुखाने राहतात. ब्रेमेनला पोचतच नाहीत! तरी ब्रेमेनच्या नगरभवनाशेजारी १९५३ पासून त्यांचा ब्रॉन्झचा पुतळा आहे आणि येणारे-जाणारे हात लावतात म्हणून गाढवाचे पुढचे पाय चकचकीत झालेत. आपल्याकडे भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी आहेच. नकोशी झालेली चार जनावरं आणि वाघाला चकवणारी एक म्हातारी. तुमच्या त्या मुलाच्या प्रश्नाबद्दल ह्या दोन गोष्टींच्या आधाराने वर्गात किती बोलता येईल बघा. तुमच्या मुलीला विचारा, आजींना भोपळ्याची गोष्ट सांगशील का? आणि ब्रेमेनची गोष्ट त्यांना त्यांच्या आवाजात सांगायला आवडेल का?

पहिलं पत्र त्या मुलाकडूनच जाऊ द्या. माफीचं पत्र लिहायला लावू नका, कशाबद्दलची माफी हे आजींना सांगावं लागेल. त्याला म्हणावं, तुझ्या आजीची झोपायची जागा कशी आहे ते लिही. उशाशी काय असतं, भिंतीवर कुणाचा फोटो आहे, औषधाचा डबा कुठे, रात्री पाणी कोण ठेवतं. आजी गावाला असेल तर तिथलं लिही. आजी नसेल तर ज्या कोपऱ्यात ती बसायची त्या कोपऱ्याबद्दल लिही. आणि शेवटी एकच प्रश्न विचार, "तुमच्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं?" अक्षर जसं असेल तसं असू दे. पत्राचा फोटो काढून पाठवा, वाचून दाखवायला आपली मुलगी तिथे आहे.